कागलच्या अंगणात अंतहीन स्तंभ: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

मुख्याध्यापिकाबाईंनी होकार दिला. शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपलीकडे, चार बाय चार फुटांची जागा आता आपली. तिथं रुमानियन शिल्पकार ब्रांकूशच्या अंतहीन स्तंभाची लाकडी प्रतिकृती उभी करायची. १९ फेब्रुवारी २०२६ ला त्याच्या जन्माला दीडशे वर्षं होतात. तोवर काम व्हायला हवं.

नावाबद्दल आधीच लिहून ठेवतो. मराठीत बहुधा ब्रांकुसी छापतात. मूळ रुमानियन नावाच्या शेवटी 'श' आहे, म्हणून या वहीत ब्रांकूश. पॅरिसमध्ये पन्नासहून जास्त वर्षं राहिला तरी शेवटपर्यंत तो गोर्ज जिल्ह्यातल्या होबित्सा गावचाच होता, निदान माझ्या लेखी.

मूळ स्तंभ रुमानियात तिर्गू झिऊ इथं आहे. उंची २९ मीटरच्या वर. एकावर एक रचलेले, पोटात फुगीर असे ओतीव लोखंडाचे १५ पूर्ण मणी, तळाशी अर्धा, टोकाला अर्धा. एकेक मणी १८० सेंटीमीटर उंच, पोटात ९० रुंद, मानेशी ४५. म्हणजे एकास दोनास चार. आपण हेच प्रमाण फुटा-इंचांत घ्यायचं: मणी एक फूट उंच, पोटात सहा इंच, मानेशी तीन. एकूण सोळा फूट. मुलांच्या पट्टीत बसेल असं माप आहे.

१२ नोव्हेंबर

गल्लीतल्या एका जुन्या वाड्याचं पाडकाम चालू आहे. सुतारमामांना घेऊन गेलो. सागाच्या तुळया, सात इंची, धुरानं काळ्या पडलेल्या. मामांनी नखानं खरवडून पाहिलं, वास घेतला, टोकावर हातोडीची मूठ आपटून दुसऱ्या टोकाला कान लावला. "घ्या सर. असलं सागवान आता वखारीत मिळत न्हाई." दोन तुळया ठरल्या, प्रत्येकी दहा फुटी.

ब्रांकूशचा हाताशी राहिलेला सर्वांत जुना अंतहीन स्तंभ १९१८ चा. तो ओकचा, जेमतेम दोन मीटरचा, आणि तो स्वतःही पाडलेल्या घरांच्या तुळया आणून त्यांत काम करायचा. हे मामांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, त्यात काय विशेष अशी.

१५ नोव्हेंबर

आखणी. सहा इंची चौरस ठोकळा, फूटभर लांब. दोन्ही तोंडांवर बरोबर मध्ये तीन इंची चौरस. कमरेभोवती सहा इंचांवर रेघ. तिथून मानेकडे चारही बाजू उतरत्या. सहा इंचांच्या उतारात दीड इंच आत जायचं.

नववीच्या मुलींनी गणित केलं: ठोकळा ४३२ घन इंच, मणी २५२. शंभरातलं बेचाळीस तासून टाकायचं. एकीनं विचारलं, एवढं लाकूड फुकट? मामा म्हणाले, पाचरी होतील, खुंट्या होतील, आणि उरलं तर चुलीत. फुकट काही जात नाही.

१९ नोव्हेंबर

रंधा मारता मारता मामांनी विचारलं, "सर, ह्यो गडी सुतार का मूर्तिकार?"

सांगायला बसलो ते तासभर. १८७६ चा जन्म, कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी. लहानपणी मेंढरं राखली. घरातून पळून गेला, पडेल ती कामं केली, आणि क्रायोवा शहरातल्या कला आणि हस्तव्यवसाय शाळेत लाकूडकाम शिकला. तिथं असताना खोक्याच्या फळ्यांतून व्हायोलिन केल्याची गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. मग बुखारेस्टच्या ललितकला शाळेत चार वर्षं. तिथं डॉक्टर जेरोता यांच्या मार्गदर्शनाखाली त्यानं कातडी सोललेल्या माणसाचा पुतळा केला, स्नायू न् स्नायू दिसतील असा. वैद्यकीचे विद्यार्थी तो अभ्यासाला वापरत. हे मुलांना मुद्दाम सांगितलं. पुढं ज्यानं नाक-डोळे गाळून नुसतं अंडं ठेवलं, त्याला प्रत्येक स्नायू ठाऊक होता. येत नव्हतं म्हणून त्यानं सोपं केलं नाही.

मग म्युनिक, आणि तिथून पॅरिस. पैसे नव्हते, बराचसा रस्ता पायी. १९०४ च्या जुलैमध्ये पोचला.

"जुलैत? आषाढातच की," मामा म्हणाले. "वारीच झाली ती."

पॅरिसमध्ये त्यानं खानावळीत भांडी घासली, रुमानियन चर्चमध्ये प्रार्थनेला गायला. अट्ठावीस वर्षांचा, हाती दोन शाळांची प्रमाणपत्रं असलेला माणूस. मामांचा थोरला मस्कतला फर्निचरच्या कारखान्यात आहे. आयटीआय झालेला. पहिले आठ महिने तिथं त्याला नुसती गोडाऊनची झाडलोट दिली होती. हे मामांनी आज पहिल्यांदा सांगितलं आणि लगेच रंध्याचं पातं काढून धार लावायला उठले.

२६ नोव्हेंबर

संविधान दिन. परिपाठाला उद्देशिका वाचून झाली. तिसऱ्या तासाला नववीत खटला घेतला, कारण योगायोगानं निकालाची तारीख आजचीच आहे: २६ नोव्हेंबर १९२८.

गोष्ट अशी. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रांकूशचा 'अवकाशातला पक्षी' बोटीनं न्यूयॉर्कला पोचला. सोबत चित्रकार मित्र मार्सेल द्युशाँ. मूळ शिल्प असेल तर अमेरिकेत जकात माफ होती. पण कस्टमच्या अधिकाऱ्यांना त्या चकचकीत, निमुळत्या, उभ्या ब्रॉन्झमध्ये ना पंख दिसले ना चोच. त्यांनी ते स्वयंपाकघरातली भांडी आणि दवाखान्याचं साहित्य या सदरात घातलं आणि ४० टक्के जकात लावली. पक्षी विकत घेणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन. प्रकरण कोर्टात गेलं, आणि नाव झालं 'ब्रांकूश विरुद्ध अमेरिका'.

कोर्टात साक्षीदारांना विचारलं जाई, याला पक्षी का म्हणायचं? जंगलात दिसला तर गोळी घालाल का? शिल्पकार जेकब एपस्टाइन साक्षीला होता. तो न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, लंडनमध्ये स्थायिक झालेला. म्हणजे त्यानंही देश बदललेला. त्यानं इजिप्तचा एक पुरातन दगडी ससाणा कोर्टात दाखवला: यालाही पिसं नाहीत, तरी हा पक्षीच. न्यायाधीशांनी शेवटी मान्य केलं की एक नवी शैली घडते आहे, निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी कल्पना दाखवू पाहणारी, आणि ती आवडो न आवडो, हे शिल्प आहे. जकात रद्द.

वर्गात दोन्ही बाजूंचे वकील केले. मुलांनी कस्टमची बाजू इतकी जोरात मांडली की तास संपेपर्यंत पक्षी हरत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी बोलत नाही, उठून म्हणाली, "सर, आमच्या शेतातल्या म्हसोबाला तरी कुठं नाक-डोळे असतात? शेंदूर लावलेला धोंडा असतो. पण कुणी त्याला धोंडा म्हणत नाही." मी पुढं काही शिकवलं नाही. पंचवीस वर्षं हा विषय शिकवतोय, इतकं नेमकं मला सुचलं नव्हतं.

३ डिसेंबर

चार मणी तासून झाले. करवतीचं काम मामांचं, रंधा आणि पॉलिश पेपर मुलांचा. दोन बोटांना चिकटपट्ट्या.

९ डिसेंबर

वाईट दिवस. मण्यांना मधून आरपार भोक हवं, कारण सगळे एका लोखंडी सळईत ओवायचे आहेत. लेथवाल्याकडे नेले. पाचव्या ठोकळ्यात जुना खिळा निघाला, वाड्याच्या काळातला, चौकोनी, आत पार गडप झालेला. बिट त्यावर आपटून सरकलं, पात्याचा टवका उडाला आणि भोक तिरकं गेलं. एका तोंडाला मध्यावर, दुसऱ्या तोंडाला पाऊण इंच कडेला. तो मणी बाद.

चूक माझी. ठोकळे नेण्याआधी चुंबक फिरवायला हवा होता. आज संध्याकाळी बाकीच्यांवर फिरवला, आणखी दोन खिळे सापडले. ज्या मुलांनी तो मणी तासला होता त्यांना सांगणं जड गेलं.

१६ डिसेंबर

पोरांचा प्रश्न: एवढा वेळ का लागतो? साचा करून ओतले असते तर?

प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या जिव्हाळ्याचा आहे. मी शाळेत लागण्याआधी कोल्हापुरात एका पुतळ्यांच्या कारखान्यात सहा वर्षं होतो. तिथली पद्धत: शाडूत पुतळा, त्यावर प्लास्टरचा साचा, मग फायबर किंवा ब्रॉन्झ. मूळ हात एकाचा, पुढचे दहा जणांचे. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या पॅरिसमधल्या कारखान्यातही तेच होतं. मातीतला नमुना त्याचा, संगमरवरात तो मापं घेऊन उतरवणारे कारागीर वेगळे. १९०७ मध्ये ब्रांकूश रोदँकडे लागला आणि एक-दोन महिन्यांत निघालाही. मोठ्या झाडांच्या सावलीत काही वाढत नाही, असं तो म्हणाल्याचं सांगतात. त्या काळात रोदँपेक्षा मोठं झाड युरोपात नव्हतं, आणि सोडणाऱ्या या माणसाकडे दुसरं काही नव्हतं.

लगेच पुढं त्यानं 'चुंबन' केलं, दगडात थेट छिन्नीनं. ना मातीचा नमुना, ना मापं उतरवणारा माणूस. दोन माणसं एकाच ठोकळ्यात, ठोकळा ठोकळाच राहिलेला. होबित्साकडच्या घरांच्या ओट्याचे लाकडी खांब असेच थेट तासलेले, नक्षीचे असतात. माझं मत असं, की पॅरिसमध्ये तो काही नवं शिकला त्यापेक्षा तिथं पोचल्यावर त्याला गावाकडचं सुतारकाम पुन्हा सापडलं. यावर अभ्यासक वाद घालतील. वाकस हातात धरलेल्या माणसाला हे पटवावं लागत नाही.

ब्रॉन्झच्या कामात तो ओतकाम दुसऱ्याकडून करून घेई, पण ओतून आल्यावर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन आठवडेच्या आठवडे स्वतः घासत बसे. त्याचे पक्षी आरशासारखे चमकतात ते त्या हातांमुळे. मुलांना म्हटलं, अजून एक हात मारा पॉलिश पेपरचा.

२९ डिसेंबर, इंदूर

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं. हा प्रवास खरं म्हणजे प्रकल्पाच्या सुरुवातीलाच करायला हवा होता.

कागलमध्येच हा खांब का, असं सगळे विचारतात. उत्तर इथं आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्या पत्नी महाराणी संयोगिताराजे या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. या तरुण जोडप्यानं जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून इंदुरात माणिकबाग हा राजवाडा बांधवून घेतला, त्या काळी युरोपातही नवा वाटेल असा. पॅरिसमध्ये लेखक आँरी-प्येर रोशे यांच्या ओळखीनं ब्रांकूशशी संबंध आला. महाराजांनी तीन 'अवकाशातले पक्षी' घेतले: एक चकाकत्या ब्रॉन्झचा, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं. खिडक्या नाहीत, आत जायला जमिनीखालून वाट, मध्ये पाण्याचं कुंड, वरच्या झरोक्यातून येणारं ऊन सोनेरी पक्ष्यावर पडावं अशी रचना.

१९३७ च्या जुलैमध्ये स्वित्झर्लंडमध्ये महाराणी वारल्या. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रांकूश भारताकडे निघाला आणि जानेवारी १९३८ मध्ये इंदुरात होता. काही आठवडे राहिला, परत गेला. मंदिर बांधलं गेलंच नाही.

मला सारखं वाटतं ते हे: तिर्गू झिऊचा स्तंभ १९३७ च्या नोव्हेंबरात उभा राहिला. त्यावर पितळी मुलामा चढायचा होता. म्हणजे ब्रांकूश इथं आला तेव्हा तिकडं त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम नुकतं उभं झालं होतं, आणि इथलं तितकंच मोठं काम त्याच्या डोळ्यांसमोर मिटलं.

माणिकबागेत आज केंद्रीय उत्पादन शुल्क आणि जीएसटीचं कार्यालय आहे. फाटकावरच्या चौकीदारदादांनी बाहेरून पाहू दिलं. सरळ रेषा, रुंद गच्च्या, अंगावर नक्षी नाही. ब्रॉन्झचा पक्षी आता कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, संगमरवरी दोन्ही ऑस्ट्रेलियात कॅनबेराला. तिन्ही मी पाहिलेले नाहीत. वास्तूचं चित्र काढलं, वहीत चिकटवलं आहे.

७ जानेवारी २०२६

अकरा मणी तयार. आज वर्गात जमिनीवर आडवे ठेवून ओवून पाहिले आणि पोटात गोळा आला. एकेक मणी वेगळा पाहिला तर ठीक, पण ओळीनं लावल्यावर खांबाला पीळ पडल्यासारखा दिसतो. दर मण्याची मान अर्धा सूत, एक सूत इकडे तिकडे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). एकाची चूक दुसऱ्यात मिळते, मग तिसऱ्यात. अकराव्यापर्यंत पाऊण इंच.

मामा आडवे झाले, एक डोळा मिटून खांबावरून नजर टाकली. मग खडूनं प्रत्येक मण्याला नंबर घातला आणि बाजूला बाण काढला. "बदलायचं काय न्हाई. क्रम लावायचा. ज्याची मान डावीकडं, त्याच्या डोक्यावर उजवीकडचा ठेवा." दीड तास अदलाबदल केली. पीळ गेला. दोन मण्यांची मात्र तोंडं पुन्हा गुण्यात आणावी लागली.

तिर्गू झिऊला हा हिशेब अभियंता श्तेफान जॉर्जेस्कु-गोर्जान यांनी सांभाळला. मणी पेत्रोशानीच्या कारखान्यात ओतले गेले. मूळ नमुना मात्र ब्रांकूशनं स्वतः लाकडात कोरून दिला. लोखंडासह सगळ्या स्तंभाचं वजन सुमारे २९ टन. आपला शंभर किलोच्या आसपास, त्यातली साठ किलो नुसती सळई.

२० जानेवारी

पितळी रंग द्यायचा का, यावर मतदान. मुलांना चमक हवी. मी लाकडाच्या बाजूनं. मूळ स्तंभ पितळी झाकेचा आहे हे खरं, पण आपलं साहित्य साग आहे, आणि साहित्याला दुसऱ्याचं सोंग द्यायचं नाही हे ब्रांकूशचं काम पाहिलं की कळतं. दगड दगडासारखा, लाकूड लाकडासारखं. २३ विरुद्ध १९. लाकूड जिंकलं. जवसाच्या तेलाचे तीन हात.

५ फेब्रुवारी

पाया. साडेतीन फूट खोल खड्डा. चाळीस एमएमची सहा मीटरची सळई ओळंब्यात उभी करून काँक्रीट भरलं. पाया पंधरा दिवस मुरू द्यायचा.

संध्याकाळी सगळ्यांना स्मारकाची गोष्ट सांगितली. १९१६ मध्ये झिऊ नदीकाठी पडलेल्या सैनिकांसाठी गोर्जच्या महिलांच्या संघटनेला स्मारक हवं होतं. अध्यक्ष आरेतिया ततरेस्कु. काम आधी मिलित्सा पेत्राश्कु या शिल्पकार बाईंना सांगितलं, त्यांनी आपले गुरू सुचवले. गाव सोडून तीस वर्षं झालेल्या गुरूंनी होकार दिला आणि मोबदला घेतला नाही. नदीकाठी बारा आसनांचं मौनाचं टेबल, मग चुंबनाची कमान, आणि शहर ओलांडून पलीकडे स्तंभ. सगळं एका सरळ रेषेत, दीड किलोमीटरच्या आत. २७ ऑक्टोबर १९३८ ला लोकार्पण. नंतरच्या साम्यवादी राजवटीत तो स्तंभ दोर लावून पाडायचा प्रयत्न झाला. पडला नाही. आणि २०२४ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं या स्मारकाला जागतिक वारशात घेतलं, ती बैठक दिल्लीत होती.

फ्रान्सचं नागरिकत्व त्यानं १९५२ मध्ये घेतलं, वयाच्या ७६ व्या वर्षी. १९५७ मध्ये गेला. आपला सगळा कारखाना फ्रान्सला दिला, तो होता तसाच मांडून ठेवायचा या अटीवर.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. शाळेत मिरवणूक, लेझीम, अंगणात उभं राहायला जागा नाही. खांब आज उभा करणं शक्यच नव्हतं, हे मला नोव्हेंबरातच कळायला हवं होतं. तरी लेझीम संपल्यावर नववीच्या पोरी येऊन सळईला झेंडूची माळ घालून गेल्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

परांची बांधली. आधी कणा उभा आहेच, आता वरून मणी. अर्धा मणी पहिला, रुंद तोंड खाली. मग एक ते पंधरा, खडूच्या नंबरानं, बाण पूर्वेकडे. प्रत्येक मणी ज्यांनी तासला त्यांनीच खालून वर द्यायचा, मामांनी वरून सोडायचा. डिंक कुठंही नाही. पावसात लाकूड फुगेल, त्याला हलायला जागा हवी, आणि एखादा कुजला तर काढता यायला हवा.

शेवटचा अर्धा मणी वर उमलत जातो आणि सर्वांत रुंद जागी तुटतो. त्याचं भोक आरपार नाही, सळई आतच संपते. वर पितळी पत्र्याची चौकट, पाणी आत जाऊ नये म्हणून. तो बसला तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. सगळे मान वर करून गप्प. मामा परांचीवरून खाली उतरले, चार पावलं मागं गेले.

"सर, ह्यो पुरा झाला का राहिलाय?"

"एवढाच आहे, मामा."

"मग बरोबर. वर अजून एक बसंल असं वाटतंय."

ओळंबा धरला. सोळा फुटांत दोन सूत पूर्वेकडे. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं.

१ मार्च

परांची सोडली, उधारी दिली, लेथवाल्याच्या बिटाचे पैसे दिले. जवसाचं तेल अर्धा लिटर शिल्लक, मे महिन्यात आणखी एक हात.

बाद झालेला मणी शाळेच्या कपाटाखाली पडून होता. मामा आज न्यायला आले. त्यांना सांगितलं, ब्रांकूशच्या कारखान्यात असे ठोकळे पुतळ्यांखाली बैठक म्हणून असत, तो त्यांवर बसायचा सुद्धा. मामांनी तिरकं भोक खुंटीनं बुजवलं, तोंडं साफ केली आणि फूटभर उंचीचं बसणं केलं. थोरला मे महिन्यात पंधरा दिवसांसाठी येतोय, ओट्यावर त्याला बसायला.